सर्व्हरने उडवलेलं लग्न

गायकवाड काकांच्या प्रियंकाचं लग्न दोनदा झालं. नवरा तोच, हॉल तोच, जेवणात गुलाबजामही तेच (म्हणजे त्याच आचाऱ्याचे, आधीचे उरलेले नव्हेत). दुसऱ्या लग्नाला कारण मी होते, असं आमच्या गल्लीत आजही सांगितलं जातं. सांगणारे आपल्या पदरचं बरंच घालतात आणि माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं मीच सांगते.

आमचं घर निगडीला. घराला लागून विहाराचा हॉल आणि हॉलच्या कमिटीचे अध्यक्ष आमचे पप्पा. पप्पांनी सगळी नोकरी कारखान्यात असेंब्ली लाइनवर काढली. रिटायर झाल्यावर लाइन सुटली, पण हात थांबले नाहीत. घरात काहीही सुटं दिसलं की ते जोडतात. कशाला, हे नंतर विचारतात. घराच्या वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ अमोल याचा स्टुडिओ. तो लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. आणि मी सुजाता. हिंजवडीतल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळते, मारुंजीला भाड्याने राहते आणि सुट्टीला माहेरी येऊन सगळ्यांवर चिडते.

त्या वेळी पप्पांनी हॉलमध्ये मुलांसाठी अभ्यासिका काढायचं मनावर घेतलं होतं. चाकणच्या एका कंपनीने जुने कॉम्प्युटर दिले, पण देताना त्यांच्या हार्ड डिस्क काढून घेतल्या. आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपन्या असंच करतात. पप्पांनी एक कॉम्प्युटर उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "डोकं ठेवून घेतलं आणि धड पाठवलं."

"काही बिघडत नाही," मी म्हटलं. "हे कॉम्प्युटर डिस्कशिवाय चालवता येतात. नेटवर्कवरून."

ते कसं, हे मी पप्पांना समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. असा कॉम्प्युटर चालू झाला की वायरीतून हाक मारतो: कोणी आहे का, मी आता काय करू? मग कोपऱ्यात ठेवलेला सर्व्हर त्याला सांगतो की तुझा नंबर अमुक, ही घे सिस्टीम आणि लाग कामाला. अट एकच. उत्तर देणारा एकटा पाहिजे. घराघरातल्या इंटरनेटच्या राउटरलाही अशा हाकांना उत्तर द्यायची खोड असते आणि दोघं एकदम बोलले की गोंधळ होतो. म्हणून हे नेटवर्क वेगळं, खासगी ठेवायचं असतं.

"खासगी?" पप्पांनी चष्मा काढला. "सार्वजनिक हॉलमध्ये खासगी काही चालणार नाही. कमिटीचा तसा ठराव आहे."

"पप्पा, खासगी म्हणजे बाहेरची वायर जोडायची नाही, एवढंच."

"म्हणजे पोरांना इंटरनेट नाही?"

"आधी चालू तर होऊ देत."

पप्पा "बरं" म्हणाले. हे "बरं" मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते म्हटलं की पप्पा तुमचं काहीही ऐकणार नसतात. पण त्या शनिवारी मी घाईत होते.

सकाळपासून मी हॉलमध्ये ठाण मांडलं. टेबलं लावली, वायरी ओढल्या, त्या सगळ्या एकत्र जोडणारा स्विचचा डबा मधोमध ठेवला. ऑफिसातल्या एकाकडून कॉम्प्युटर लॅबसाठीची तयार सिस्टीम आणली होती, ती सर्व्हरवर चढवली. ती पडद्यावर कशी दिसते हे मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची गरज वाटली नाही. वर मी माझ्या हुशारीचं एक सेटिंग केलं. मुलांनी पेनड्राइव्ह लावून पिक्चर बघू नयेत म्हणून, या सर्व्हरवरून चालू होणाऱ्या कॉम्प्युटरला डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड, काही म्हणजे काही दिसणार नाही असं करून टाकलं. त्या सेटिंगचा मला फार अभिमान वाटत होता.

दुपारी जेवण झाल्यावर पहिला कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. पुढे कसं चालू व्हायचं ते कोणी सांगितलं नाही, अशी तक्रार. दुसरा चालू केला, तीच तक्रार. तिसऱ्याचं तेच. मी सर्व्हर बंद करून चालू केला. वायरी बदलल्या. स्विचचा डबा आपटला. मग मोठ्या आवाजात सर्व्हरशी बोलायला लागले आणि जे बोलले ते विहाराच्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. समोरच्या भिंतीवर पप्पांनी स्वतःच्या अक्षरात 'शांतता राखा' लिहून लावलं होतं. ते वाचून आणखीच चिडले.

तेवढ्यात वरून अमोलची हाक आली. "ताई, वर ये. लवकर."

"मला वेळ नाही."

"ताई, माझा कॉम्प्युटर रिकामा झालाय."

वर गेले. अमोल खुर्चीवर नव्हता, खुर्चीशेजारी खाली बसला होता. पडद्यावर एक राखाडी, मोकळं पान. ना त्याचे फोल्डर, ना व्हिडिओ, ना मागे लावलेला त्याचा स्वतःचा फोटो.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. हँग झाला म्हणून बंद केला, परत चालू केला, तर हे."

मी बसले आणि डिस्क शोधली. डिस्क नाही. पुन्हा शोधली. नाहीच. मशीनला डिस्क आहे याचा मागमूस नाही.

"बॅकअप?" मी विचारलं.

अमोलने कपाटातून बाहेरची हार्ड डिस्क काढून दिली. लावली. काही दिसेना. कॅमेऱ्याची कार्डं? एक त्याने पुढच्या ऑर्डरसाठी पुसलं होतं, एक राहिलं होतं. ते लावलं. तेही दिसेना.

इथे शांत डोक्याचा माणूस काय करेल? तो म्हणेल, तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच दिवशी एकाच टेबलावर मेल्या, म्हणजे दोष टेबलाचा असेल. पण मी सकाळपासून त्या सर्व्हरवर चिडलेली होते आणि आता चिडायला समोर हाडामांसाचा भाऊ मिळाला होता.

"व्हायरस आहे," मी निकाल दिला. "कुठल्या तरी फुकटच्या साइटवरून गाणी उतरवली असशील. जे जे लावलंस ते ते खाल्लं त्याने. सगळं उडालं."

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघू का? खाली तुझा लॅपटॉप..."

"अजिबात नाही. तोही जाईल. या डिस्कला आता कोणी हात लावायचा नाही. अशा वेळी माणूस घाबरून नाही ते करतो, म्हणून तर वाट लागते. पुरे कर तुझी हुशारी."

मी त्याला बॅकअप कसा ठेवावा, यावर बराच वेळ सुनावलं. तो ऐकत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, यात प्रियंकाचं लग्न होतं."

आता गायकवाड काकांविषयी सांगायला हवं. काका पप्पांचे कारखान्यातले दोस्त, मूळचे उदगीरकडचे, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे एक थोरले भाऊ गावी असतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. वाटणीतल्या एका चिंचेच्या झाडावरून दोघांचं बोलणं बंद पडलं होतं, ते इतकी वर्षं की झाडसुद्धा आता उभं नाही. तरी पुतणीच्या लग्नाला दादा आले. दारात दोघे भाऊ समोरासमोर आले, क्षणभर थबकले, आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. सगळा मांडव रडला. आमचे पप्पाही रडले, पण ते कॅमेऱ्याकडे पाठ करून. ती मिठी अमोलने टिपली होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, आणि काकू रोज विचारत होत्या, "बाकी कधी पण दे, आमच्या ह्यांची आणि दादांची मिठी तेवढी आधी दाखव."

संध्याकाळी अमोलने काकांना बोलावून घेतलं. काका, काकू आणि दादा असे तिघेही आले. सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण निकाल माझाच होता.

"काका, व्हिडिओ गेला," मी म्हटलं. "व्हायरस. कोणालाही परत आणता येणार नाही. मी याच क्षेत्रात आहे, म्हणून सांगते."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. दादांनी सावकाश विचारलं, "म्हंजी, आमी दोघं भेटल्यालं बी गेलं?"

"हो, दादा."

"माझी उद्या सांजची गाडी हाय," दादा म्हणाले.

मला इतकं वाईट वाटलं की मी परत अमोलवर चिडले. आणि त्या चिडण्याच्या भरात म्हणाले, "दादा उद्या संध्याकाळपर्यंत आहेत ना? मग उद्या सकाळी परत शूटिंग करू. हॉल आपलाच आहे."

पप्पा लगेच म्हणाले, "बुद्धवंदना परत होणार नाही. ते काय नाटक आहे का?"

"वंदना नको. बाकीचं."

काकूंनी पदर खाली घेतला. पहिल्या वेळी साडीची निरी चुकली होती, ती त्यांना खुपत होती. त्यांनी तिथूनच प्रियंकाला फोन लावला. जावई चाकणला नोकरीला, रविवारी त्याला ओव्हरटाइम होता. "शिफ्ट बुडवून ये म्हणावं," काकू फोनवर सांगत होत्या, "लग्न हाय त्याचं."

रविवारी सकाळी मी हॉल रिकामा केला. अभ्यासिकेचं सगळं आवरावं लागलं. सर्व्हर बंद केला, वायरी गुंडाळल्या, कॉम्प्युटर मागच्या खोलीत रचले. पप्पा दारात उभे राहून बघत होते. बसवलेलं काहीही कोणी काढलं की त्यांना त्रास होतो. मीही धुसफुसत होतेच, कारण एकही कॉम्प्युटर चालू न करता मी सगळं उचलत होते.

मंडळी जमली. प्रियंकाने पांढरी साडी नेसली होती, तिच्या हातावरची मेंदी अर्धी उतरली होती. जावयाने मधल्या काळात केस इतके बारीक कापले होते की अमोल म्हणाला, "भावा, टोपी घालणार का?" जावई म्हणाला, "लग्नात?" मग त्याला फेटा बांधला. पहिल्या लग्नात कोणालाच फेटा नव्हता, म्हणून प्रियंकाच्या मामाने विचारलं, "मग मला का नाही?" हॉलमधला पहिला रुसवा तिथेच झाला.

हार घालून झाले. जेवणाच्या पंगती झाल्या. मग अमोल म्हणाला, "आता काका आणि दादा. दादा दारातून येतील, काका आतून. जसं झालं होतं तसंच."

दोघे चालत आले आणि मिठी मारली. पण दोघेही हात ताठ ठेवून, मापं घेणाऱ्या शिंप्यासमोर उभे राहिल्यासारखे.

"दादा, चेहरा दिसला नाही. परत एकदा," अमोल म्हणाला.

परत मारली. आता काकांचा चेहरा दिसला, पण तो हसत होता. "काका, तुम्ही रडला होतात," मी आठवण केली. काका म्हणाले, "आता कसं रडू? सकाळी तर बरोबर चहा प्यालो." आणखी एकदा झालं. मग आणखी एकदा. त्यानंतर काका अमोलला म्हणाले, "असं कर, मी दारापर्यंत येतो. तवा पहिल्यांदा मीच पुढं झालो होतो."

दादा जागच्या जागी थांबले. "कोण पुढं झालं होतं?"

"मी."

"तू? तू खांबासारखा हुबा होतास. मी आलो पुढं. मी थोरला असून मी आलो."

"दादा, तुमी उंबऱ्याच्या बाहेर होता."

"उंबऱ्याच्या आत मीच पाय टाकला म्हणून तर भेट झाली न्हवं."

"हेच तुमचं. तवाबी असंच केलं होतं."

"कवा?"

"झाडाच्या टायमाला."

पुढचं मी लिहीत नाही. चिंचेचं झाड मुळासकट हॉलमध्ये आलं. काकू मध्ये पडल्या, पप्पा मध्ये पडले, फेटेवाला जावई मध्ये पडला आणि फेटा सुटला. दादांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "मी स्टँडवर जाऊन बसतो. आता माझं तुज्याकडं काय काम न्हाई." काका तोंड फिरवून उभे राहिले. जे इतक्या वर्षांनी जुळलं होतं, ते माझ्या हॉलमध्ये, माझ्या कल्पनेने, भर दुपारी तुटलं होतं. मला स्वतःचा राग यायला लागला होता, पण त्याची सवय नसल्यामुळे मी अमोललाच म्हणाले, "कॅमेरा बंद कर की, मूर्खा. हेही शूट करतोस?"

अमोल कॅमेरा घेऊन वर पळाला. दादा पिशवीसह पायरीवर चपला शोधत होते. पप्पा त्या चपला गुपचूप पायाने मागे सरकवत होते. आणि वरून आवाज आला.

"ताई. सगळं आहे."

"काय आहे?"

"सगळं. कॉम्प्युटर नीट चालू झालाय. मी सवयीने बटण दाबलं. लग्न आहे, बॅकअप आहे, कार्डातलंही आहे."

आम्ही सगळे जिना चढलो. दादा म्हणत होते, "मी न्हाई येत," आणि पप्पा त्यांना दंडाला धरून चढवत होते. वरच्या खोलीत पडद्यासमोर सगळे दाटीने उभे राहिले. अमोलने व्हिडिओ नेमका त्या जागी आणला. दारात दादा. आत काका. दोघेही थबकलेले, कोणीच पुढे होत नव्हतं. आणि मग काकांच्या पाठीमागून एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्याने काकांना असं ढकललं की ते थेट दादांच्या छातीवर जाऊन आदळले.

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"मग काय करू?" काकू म्हणाल्या. "जेवणं खोळंबली होती."

आधी दादा हसले. मग काका. दादा हसता हसता खोकायला लागले आणि काका त्यांची पाठ चोळायला लागले, आणि चोळता चोळता दोघांचेही डोळे भरले. अमोलच्या हातात कॅमेरा होता, पण या वेळी त्याला चालू करायचं सुचलं नाही.

मी मात्र एव्हाना टेबलाखाली शिरले होते. अमोलच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीवरच्या राउटरपर्यंत जात होती. राउटरमधून आणखी एक पांढरी वायर निघाली होती. ती भिंतीच्या कडेने, वीतभर अंतरावर क्लिपा मारून, एका रेषेत खिडकीतून खाली हॉलकडे गेली होती. इतकं सुबक काम आमच्या घरात एकच माणूस करतो.

"पप्पा, ही वायर कोणी लावली?"

"मी. काल तू जेवत होतीस तेव्हा. तुझ्या त्या डब्यात जागा रिकामी होती. हॉलला इंटरनेट नको?"

मग मला सगळं उलगडलं. माझ्याच वायरींच्या गर्दीत ही एक मला दिसली नव्हती. पप्पांच्या वायरीमुळे हॉल आणि घर एक झालं. हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरांनी हाक मारली की घरचा राउटर आधी तोंड उघडायचा आणि त्यांची दिशाभूल करायचा. अमोलचा कॉम्प्युटर नवा, तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, म्हणून त्याला माझा सर्व्हर सापडला. ते राखाडी पान म्हणजे माझी अभ्यासिका होती. डिस्क दिसत नव्हती, कारण दिसू नये असं सेटिंग मीच केलं होतं. दिवसभर ज्या सर्व्हरला मी नालायक म्हणत होते, तो वरच्या मजल्यावर अगदी चोख काम करत होता. सकाळी मी तो बंद केला, म्हणून आता बटण दाबल्यावर अमोलचा कॉम्प्युटर मुकाट्याने आपल्या डिस्कवर परतला.

"आणि अमोल," मी टेबलाखालूनच ओरडले, "तुझ्या कॉम्प्युटरला डिस्कच्या आधी नेटवर्ककडे बघायला कोणी शिकवलं? कुठल्या गाढवाने जोडून दिला हा?"

"तू," अमोल म्हणाला. "दिवाळीत."

मी टेबलाखालून बाहेर आले नाही. तिथे बरं होतं. सगळा राग मी पप्पांवर काढला. खासगी म्हणजे काय ते परत सांगितलं, ठरावाबद्दल बोलले, क्लिपांबद्दल बोलले. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "वायर मी लावली, कबूल. पण या खुर्चीत बसून 'सगळं उडालं' कोण म्हणालं?"

कोण पुढे झालं हा प्रश्न त्या रविवारी कायमचा मिटला. दादांची गाडी काकांनी स्वतः जाऊन गाठून दिली. पुढच्या सुट्टीला मी पप्पांची वायर काढली, सर्व्हर लावला आणि हॉलमधले सगळे कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात चालू झाले. ते बघायला मात्र कोणी आलं नाही. गल्लीत आता नेटवर्कबद्दल कोणाला काही विचारायचं असलं तर ते पप्पांना विचारतात.

परवा उदगीरहून दादांचा फोन आला. नातवाचं लग्न ठरलंय. "तू नक्की ये, पोरी," दादा म्हणाले. "आहेर आणू नको. फकस्त आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला हात लावू नको. हे आमा दोघा भावांचं ठरलंय. आजवर आमचं एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालंय."

मी चिडून फोन ठेवला. मग राहवेना, म्हणून परत लावला.

"दादा, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे कोणता? आणि त्याला इंटरनेट कुठून येतं?"

पलीकडे दादा कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "आरं, ती येणारच हाय. कॉम्प्युटर तेवढा शेजारी नेऊन ठेवा."